दुखण्याचा वाटेकरी

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर मंगेश शेट्येची बेकरी होती आणि तिथे खारीइतकेच मंगेशचे विनोद खपत. पाव घरोघर पोचवायला आता ड्रोन आले होते, वाटेत कावळे त्यांच्यावर तुटून पडत हा भाग वेगळा. तरी मांडवीतली निम्मी माणसं पायी दुकानात येत ती या विनोदांसाठी. मंगेश साठीला टेकलेला गोलमटोल माणूस. भट्टीपुढे उभं राहून राहून त्याचे कान कायमचे लाल झाले होते. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनातही येत नसे. त्यामुळे आपल्या बोलण्यानं कुणाला लागत असेल, हेही त्याच्या मनात येत नसे.

त्याचा सगळ्यात जास्त चालणारा विनोद बायकोवरचा होता.

"आमच्या घरात दोन बायका आहेत," तो पाव बांधता बांधता सांगे. "एक सकाळी उठते, तिला साधा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. दुसरी उन्हं वर आली की क्रीडा मंडळात जाते आणि एका बोटानं कॅरमची राणी घेते. दोघींची गाठ कधी पडते बघायला मी सहा वर्षं टपून बसलोय."

गिऱ्हाईक हसे. चित्राही पहिली एक-दोन वर्षं हसली होती.

चित्रा शेट्ये म्हणजे कोकणातल्या कॅरमचं एक मोठं नाव. विद्यापीठाकडून खेळली, लग्नानंतर राज्यात खेळली, आणि आता ज्येष्ठ महिलांच्या दुहेरीत सुलभा पावसकरबरोबर तिची जोडी बसली की समोरचे आधी पाणी पिऊन घेत. सहा वर्षांपूर्वी तिच्या बोटांची पेरं सुजली आणि तपासण्यांत आमवात निघाला. औषधं लगेच सुरू झाली, बोटं वाकडी झाली नाहीत. सूज दिसेनाशी झाली, आणि न दिसणारं दुखणं घरच्यांच्या डोळ्यांपुढून हळूहळू नाहीसंच झालं.

एके दिवशी मंगेश तोच विनोद सांगत होता आणि मागे चित्रा नानकटाईचा ट्रे घेऊन उभी होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं ट्रे फळीवर सरकवला.

"रविवारी दुकान कामगारांवर सोडा. डॉक्टर मुकादमांकडे जायचंय."

"माझं काय काम तिथे?"

"तुमचंच काम आहे," चित्रा म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टर निलोफर मुकादम मूळची राजापूरची, सांधेदुखीची तज्ज्ञ, वयानं त्यांच्या मुलीएवढी. पेशंटना ती काका-काकू म्हणे आणि बोलण्याच्या भरात स्वतःचा चहा हमखास गार करून घेई. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती नातेवाइकांचा वर्ग घ्यायची. त्या रविवारी सात-आठ जण आले होते. बहुतेकांचा चेहरा मंगेशसारखाच, बळंबळं आणल्यासारखा.

"बाहेरून आलेले जंतू ओळखून मारणाऱ्या पेशी आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतात," निलोफर सांगू लागली. "आमवातात त्यांची ओळख चुकते. सांध्याच्या आत एक पातळ, मऊ अस्तर असतं. या पेशींना तेच परकं वाटायला लागतं आणि त्या त्याच्यावर तुटून पडतात. अस्तर सुजतं, जाड होतं, सांध्यात पाणी साचतं. औषधांनी आपण हा हल्ला पुष्कळ थोपवतो. चित्राकाकूंनी औषधं कधी चुकवली नाहीत, म्हणून त्यांची बोटं सरळ आहेत. पण बोटं सरळ आहेत म्हणजे दुखत नाहीत असं नाही. ते कळावं म्हणून हे यंत्र."

तिनं टेबलावर दोन पट्टे ठेवले. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तसे, पण पातळ. त्यांचं कागदोपत्री नाव संवेदवाहक होतं. रत्नागिरीत सगळे त्याला वाटेकरी म्हणत.

"बोटांकडून मेंदूकडे जाणारे संकेत दंडातल्या नसांमधून जातात. एकेका नसेत हजारो बारीक धागे असतात. कुठल्या धाग्यातून काय चाललंय हे पहिला पट्टा कातडीवरूनच टिपतो. दुसरा पट्टा तुमच्या दंडातल्या तशाच धाग्यांना ध्वनिलहरींच्या बारीक ठोक्यांनी जागं करतो. तुमच्या मेंदूला वाटतं, दुखणं आपल्याच बोटांत आहे. बोटांना मात्र काहीही होत नाही. रोग जात नाही, रोगाची बातमी तेवढी जाते. तीही सगळी नाही. या रोगातला थकवा रक्तातून येतो, त्याची बातमी या वाटेनं येत नाही."

"आणि मी घेतलं की तिचं तेवढं कमी होणार?" मंगेशनं विचारलं.

"नाही काका. त्यांचं तेवढंच राहतं."

"मग हा वाटेकरी कसला? नुसता साक्षीदार झाला."

दोघं-तिघं हसले. निलोफरही हसली आणि तिनं मंगेशच्या दंडाला पट्टा बांधला. चित्राची आदल्या आठवड्यातली एक सकाळ तिनं यंत्रात टिपून ठेवली होती. ती तिनं सुरू केली.

सुरुवातीला मंगेशला वाटलं, हातांना पीठ लागून वाळलंय. भिजवलेला मैदा धुवायचा राहिला की कातडी कशी आवळते, तसं. मग त्याच्या ध्यानात आलं की हे वरून नाही, आतून आहे. त्यानं मूठ वळायला घेतली आणि प्रत्येक पेरातून एक कळ निघून मनगटापर्यंत गेली.

"शर्टाचं वरचं बटण काढा बघू," निलोफर म्हणाली.

सकाळभर पाच-पाच किलोची कणीक तिंबणारी ती बोटं. बटण काढता काढता मंगेशच्या कपाळावर घाम आला. बटण निघालं नाही. त्यानं चित्राकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकानं आपणहून विचारलं, "काय, गाठ पडली का दोघींची?" मंगेशनं पाव मोजून दिले आणि मान खाली घातली.

त्या वर्षी गावात असं पुष्कळ घरांत झालं. एका घरात मधुमेहानं सासऱ्यांचे तळपाय जळत. रात्री ते येरझाऱ्या घालत म्हणून वैतागणाऱ्या सुनेनं वर्गात पोटरीला पट्टा बांधला, आणि येताना परस्पर बाजारात जाऊन त्यांच्यासाठी मऊ चपला घेऊन आली. पण उलटंही होऊ लागलं. काही कचेऱ्यांत साहेब म्हणू लागले, आधी वाटेकरी लावून दाखवा, मग रजा मागा. ज्यांचं दुखणं नसांच्या वाटेनं जात नव्हतं, ज्यांचं मूत्रपिंड थकलं होतं किंवा मनच उठत नव्हतं, त्यांनी काय दाखवायचं? अशा साहेबांशी भांडायला निलोफर स्वतः जायची आणि बहुधा जिंकून यायची.

मंगेशच्या घरात मात्र पहिला आठवडा सणासारखा गेला. तो पहाटे भट्टी पेटवून परत घरी येई आणि चित्राला उठायला हात देई. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवी. ब्लाउजची हुकं काढून त्यानं शिंप्याकडून चेन लावून आणली, तीही चुकून पुढच्याऐवजी मागे. चित्रा हसली आणि तिचे डोळे भरले. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला सकाळी कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या पिशव्या बंद झाल्या. मग झाडांना पाणी घालणं बंद झालं. मग एके दिवशी चित्रा मंडळात जायला निघाली तर चप्पल सापडेना, आणि चप्पल सापडली तोवर मंगेशनं घरातला कॅरम बोर्ड पोटमाळ्यावर चढवून टाकला होता.

"नको गं आता," तो म्हणाला. "त्या हातांनी? मला माहितीये ना काय होतं ते."

त्याच्या आवाजात इतकी माया होती की चित्राला भांडता येईना. ती घरात बसली. पूर्वी उन्हं वर आल्यावर मोकळी होणारी बोटं आता जेवणापर्यंत आखडलेली राहू लागली. ते पाहून मंगेशनं पोळ्या लाटायलाही बाई ठेवली. बोटं दुपार टळेपर्यंत आखडू लागली. रोग वाढतोय, असं मंगेश गिऱ्हाइकांना हळू आवाजात सांगू लागला.

आणि मग सुलभा पावसकर आली. सुलभा एसटीत कंडक्टर होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचे.

"काय गो चित्रा," दारातूनच ती म्हणाली, "दुहेरीच्या स्पर्धेतून नाव काढायचं ठरवलंस, ते मला भावजींच्या फोनवरून कळायचं?"

चित्रा सोफ्यावरून सावकाश उठली. मंगेश नेमका तेव्हाच दुकानातून जेवायला आला होता.

"माझं नाव तुम्ही काढायला सांगितलंत?"

"चित्रा, ऐक. तुला काय होतं ते मला ठाऊक आहे. मी भोगलंय ते."

"किती वेळ भोगलंत?"

मंगेशनं सुलभाकडे पाहिलं.

"तुम्ही माझी एक सकाळ भोगलीत," चित्रा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मंगेशला जास्तच भीती वाटली. "माझा दिवस कुठे पाहिलात? त्या सकाळनंतर मी काय करते, बोटं कशी सोडवते, कधी थांबते, कधी थांबत नाही, हे विचारलंत कधी? आधी तुमचा माझ्या दुखण्यावर विश्वास नव्हता. आता माझ्यावर नाही."

सुलभा खुर्ची ओढून बसली.

"नाव मी काढलेलं नाही," ती म्हणाली. "भावजींचा फोन आला तेव्हा मी 'बरं बरं' म्हटलं. सगळ्या नवऱ्यांना मी तेच म्हणते. स्पर्धा पुढच्या रविवारी आहे. आता वरचा बोर्ड कोण काढणार, ते दोघं मिळून ठरवा. आणि मला भूक लागलीये."

बोर्ड मंगेशनंच काढला. पण त्याला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एकटा निलोफरकडे गेला, ही बाई माझं ऐकत नाही अशी तक्रार घेऊन. निलोफरनं सगळं ऐकून घेतलं, आणि या वेळी तिनं स्वतःचा चहाही बाजूला सारला.

"काका, चूक माझी आहे. मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. सूज वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतात. ती दाबणारं शरीराचं स्वतःचं औषध तेव्हा पुरेसं पडत नाही. त्यात रात्रभर सांधा हललेला नसतो. म्हणून सकाळ सगळ्यात वाईट. हालचाल सुरू झाली की साचलेलं पाणी पांगतं, सांधा सुटत जातो. सांधा लाल होऊन तापला असेल तर विश्रांती हवीच. एरवी मात्र हे हात जितके बसतील तितके आखडतील. कॅरम खेळणं हे काकूंच्या औषधातच आहे म्हणा."

मंगेशचे कान होते त्याहून लाल झाले. "म्हणजे गेले तीन आठवडे मी..."

"तुम्ही प्रेमानं केलंत. पण हो, तुमच्यामुळे वाढलं." निलोफरनं कपाट उघडलं. "आता दोन्ही पट्टे एकाच वेळी चालवायची परवानगी आलीये. एक काकूंच्या दंडाला, एक तुमच्या. त्यांना जे होईल ते त्याच क्षणी तुम्हाला. पण काकू हो म्हणाल्या तरच."

चित्रा लगेच हो म्हणाली नाही. तिनं रात्रभर विचार केला आणि सकाळी अट घातली. "स्पर्धेच्या दिवशी बांधू. सकाळपासून शेवटपर्यंत. आणि मध्ये तुम्ही मला एकदाही 'नको' म्हणायचं नाही."

पट्टे आदल्या रात्रीच बांधले होते. रविवारी दोघं एकाच वेळी जागी झाली आणि दोघांनाही उठवेना. "ओळखीचं आहे का?" चित्रानं विचारलं. मंगेशनं मान हलवली. भट्टी कामगारांवर सोपवली होती. चित्रा मोरीत गेली, तसा तोही मागोमाग जाऊन दारात उभा राहिला. तिनं बादलीत गरम पाणी सोडलं आणि हात बुडवले.

मंगेशचे हात कोरडे होते, हवेत होते, आणि तरी ऊब त्याच्या बोटांच्या टोकांतून आत शिरली. पेरं एकेक करून ढिली होऊ लागली. चित्रा पाण्यातच बोटं उघडत होती, मिटत होती. प्रत्येक वेळी कळ निघे, पण आधीपेक्षा थोडी बोथट. रोज सकाळी हे चालू असताना आपण दुकानात काय सांगत होतो, ते त्याला आठवलं. चौकटीला टेकून तो तिच्याबरोबर ते सगळं सोसत उभा राहिला.

स्पर्धेचं सभागृह बोरिक पावडरच्या वासानं भरलं होतं. पंचांनी चित्राच्या दंडावरचा पट्टा पाहून विचारलं, याची खेळात काही मदत होते का.

"मदत कसली," सुलभा म्हणाली. "हिला वाटतं ते नवऱ्याला वाटतं, एवढंच."

पंचांनी यंत्राचा कागद वाचला, मंगेशकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि बसायला सांगितलं.

मंगेश पहिल्या रांगेत चहाचा कागदी पेला घेऊन बसला होता. चित्रानं पहिला स्ट्रायकर मारला आणि मंगेशच्या मधल्या बोटात टाचणी टोचली. चहा शेजारच्या माणसाच्या विजारीवर सांडला.

"काय झालं हो?"

"दुखलं."

"कुठे?"

"बायकोच्या बोटात," मंगेश म्हणाला. शेजारचा माणूस एक खुर्ची पलीकडे सरकला.

पण तासाभरात मंगेशला नवलच वाटू लागलं. प्रत्येक फटक्याला टोचत होतं, आणि तरी हात मोकळा होत चालला होता. सकाळचं ते वाळलेलं पीठ झडून गेलं होतं. मागे उरली होती ती एक ठणक, शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तशी. ऐकायची म्हटली तर ऐकू येणारी, नाही तर नाही. त्यानं चित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काही ऐकत नव्हती. तिची नजर काळ्या सोंगटीवर होती आणि ओठ किंचित मुडपलेले होते. लग्नाआधी पहिल्यांदा त्यानं तिला पाहिलं होतं ते असंच बोर्डवर वाकलेलं.

उपान्त्य सामना शेवटच्या डावावर आला. चित्रानं राणी आत घातली. पण राणीपाठोपाठ लगेच आपली एक सोंगटी गेली तरच राणी आपली. सोंगटी अवघड कोनात होती. त्याच क्षणी मंगेशला आपल्या मधल्या बोटाच्या पेरात ऊन धग जाणवली. ही टोचणी नव्हती, हे नवं होतं. तो अर्धवट उठला. 'नको' हा शब्द त्याच्या दातांपर्यंत आला. मग तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

चित्रा थांबली. तिनं मधलं बोट मिटून घेतलं, मनगट वळवलं आणि अंगठा स्ट्रायकरमागे टेकवला. मंगेशला मधल्या बोटातली धग निवताना कळली. मग अंगठ्यात एक झटका बसला. सोंगटी कडेला लागून वळली आणि खळकन खाली गेली.

सुलभाची आरोळी ऐकून बाहेरचा रखवालदार आत डोकावला.

अंतिम सामना चिपळूणच्या दोन बहिणींशी होता. मंगेशची बोटं आता छान होती. सगळ्या दिवसात इतकी चांगली कधीच नव्हती. म्हणून चित्राचे साधे फटके चुकू लागले तेव्हा त्याला काही कळेना. त्यानं बोटं चाळवून पाहिली. काही नाही. मग त्यानं यंत्राचं ऐकणं सोडलं आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं. खांदे उतरले होते. फटका मारून झाल्यावर ती हात बोर्डवर तसाच ठेवत होती, उचलायचा कंटाळा आल्यासारखा. थकवा या वाटेनं येत नाही, असं निलोफर पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

मधल्या सुट्टीत तो पाणी घेऊन गेला.

"दमलीस."

"हो." तिनं आश्चर्यानं त्याच्याकडे पाहिलं. "पट्ट्यातून कळलं?"

"नाही. दिसतंय." तो थोडा घुटमळला. "खेळायचंय?"

"खेळायचंय. बहुतेक हरू. पण खेळायचंय."

"मग हे पाणी पी आणि हर," मंगेश म्हणाला.

त्या हरल्या. व्यवस्थित, चांगल्याच फरकानं हरल्या. चिपळूणच्या बहिणी पाया पडायला वाकल्या तेव्हा सुलभानं त्यांना पुढच्या वर्षी बघून घेण्याचा आशीर्वाद दिला. येताना उपविजेतेपदाची ढाल स्कूटरवर मावेना म्हणून ती सुलभा विनाचालक रिक्षात, शेजारच्या सीटवर नीट बसवून घेऊन गेली.

पट्टे निलोफरला परत देऊन टाकले. आणखी महिनाभर ठेवा, असं ती म्हणाली होती, पण चित्रालाच नको होते. "माझं दुखणं चोवीस तास दुसऱ्याच्या दंडावर चालू असलं की मला मोकळेपणानं दुखूनसुद्धा घेता येत नाही," ती म्हणाली. निलोफरनं ते वाक्य स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेश भट्टीवरून परत आला तेव्हा चित्रा अंथरुणातच जागी होती. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या बोटांत काहीच नव्हतं. बोटं तशीच होती, धडधाकट, पिठानं माखलेली. तिच्या आत या घडीला काय चाललंय ते त्याला मुळीच ठाऊक नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला.

"आज कसं आहे?"

चित्रानं खरोखरच विचार केला. बोटं उघडून, मिटून पाहिली.

"दुखणं बेताचं आहे. पण अंगात जीव नाही. आज मी दुपारपर्यंत झोपणार. आणि संध्याकाळी समुद्रावर चालायला जाणार."

जमेल का, असं मंगेशच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"जेट्टीपर्यंत, की पार पुढच्या वळणापर्यंत?"

चित्रानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

"ते संध्याकाळी विचारा," ती म्हणाली.